आगरवाड्याचा बोर्ड

पंचायतीला मजकूर हवा होता.
मी शाळेतून निवृत्त होऊन चार महिने झाले होते,
माझं अक्षर चांगलं म्हणून नव्हे,
दुसरं कोणी रिकामं नव्हतं म्हणून
काम माझ्याकडे आलं.

कुठल्याशा छापील कागदावरून उतरवून काढलं मी :
केळीची साल, सुती चिंधी,
पत्र्याचा डबा,
आणि तळाला, पाण्याची बाटली – ४५० वर्षं.

उल्हास च्यारी शिडीवर उभा राहून रंगवत होता.
आकड्यापाशी आला, ब्रश थांबवला,
“साडेचारशें वर्सां कोण रावला, बाय, पळोवपाक?”
मी हसले नाही.
पस्तीस वर्षं पोरांना गुण दिलेत मी,
आकड्याला उलट विचारायची सवय नाही.

खाली एका ओळीची जागा उरली.
तो म्हणाला, सांगा काहीतरी, तुम्ही कविता करता ना.
करते.
म्हणजे, एक करते आहे.
पिएदाद टीचरवर,
जिच्यासोबत पूल होईपर्यंत
चोपडेची फेरी धरली रोज सकाळी सव्वासातची,
बाकाचं तेच टोक, तिच्या डब्यातला तोच वास.
तिला मातीत ठेवून आले त्या रात्री
पहिली ओळ आली :
*तुझी छत्री माझ्याकडे राहिली.*
दुसरी अजून यायची आहे.

मी काही सांगेना, तेव्हा
च्यारीने रिकाम्या जागेत एक शेवटो काढला.
मासा. बाकी काही नाही.
दोन हात जाड रंग दिला त्याला,
बाटलीतलं उरलेलं पाणी प्याला
आणि ब्रश पुसत निघून गेला.

मिठागराच्या वाऱ्याला वाचता येत नाही,
पण चाटता येतं.
पहिल्या पावसाळ्यानंतर केळीची साल गेली,
मग चिंधी, मग डब्याला गंज,
खऱ्या डब्यापेक्षा लवकर.
तिसऱ्या वर्षी ४५० मधलं शून्य गळालं.
पंचेचाळीस म्हणजे
माणसाच्या मापात आलं की.
पुढच्या वर्षी पाचही गेला.
आता आमच्या गावात बाटली चार वर्षांत विरते,
सरकारी बोर्डावर तसं लिहिलंय,
आणि बोर्डाखाली, चिखलात मानेपर्यंत रुतून,
च्यारीची ती बाटली
हिरव्या बुचासकट
आहे तशी आहे.

एप्रिलमध्ये बांधावर बसले होते.
फटी बागली फळीने मीठ ओढत होता,
आधी वाफ्याच्या कडेला, मग ढीग.
मी विचारलं, कळतं कसं कधी काढायचं?
घाई केली तर चिखल हाती लागतो, म्हणाला,
पाणी जरा घट्ट होऊ द्यायचं,
वर साय धरते काचेसारखी.
आणि फार थांबलं तर?
फार थांबलं तर मीठ उरतंच,
पण कडू.
खारं आधी बसतं, कडू मागाहून येतं,
त्याच्या आत हात घालायचा.

मग त्याने विचारलं,
वहीत काय लिहिता रोज?
सांगितलं.
किती वर्षं झाली?
नऊ.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं कोणी गेल्या हंगामात
सोडून दिलेल्या वाफ्याकडे पाहावं.
“कडू जाली आसतली,” म्हणाला,
आणि फळी पुन्हा पाण्यात टेकवली.

घरी येऊन ओळ मोठ्याने म्हटली.
छत्रीच्या ‘छ’पाशी जीभ अडखळली जराशी,
पण चव कळेना.
दाराआडून छत्री काढली.
काळी, नायलॉनची, मूठ तिच्या हाताने झिजलेली.
बोर्डावर छत्रीचा आकडा नव्हता.
बटण दोनदा दाबावं लागलं.
उघडली.
घरात छत्री उघडू नये म्हणतात,
पिएदाद मात्र शाळेच्या ऑफिसात
रोज उघडून वाळत ठेवायची,
पाय पसरून बसायची तिच्याशेजारी
आणि म्हणायची, सुकूदे गो,
खंय वचपाचें आसा?

हे मी वहीत उतरवून घेतलंय.
ओळ आहे की नाही, ठाऊक नाही.
उद्या बाटली तेवढी उपसून आणायला हवी.